बाकी सगळं तेच ठेवून

देवाने इतकी माणसं घडवली, पण हातात मोजपट्टी देऊन त्याने एकच माणूस जन्माला घातलं असणार, आणि ते नेमकं माझी धाकटी जाऊ होऊन आमच्या घरात आलं. ती अर्थशास्त्राची प्राध्यापक. लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, अर्थशास्त्र म्हणजे पैशाचं शास्त्र, आता या घरात लक्ष्मी मांडी घालून बसणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती आठ वर्षं आमच्यात राहिली आणि पैशाबद्दल बोलताना मी तिला फारसं ऐकलं नाही. ती बोलायची ती पोळ्यांबद्दल, चहाबद्दल, सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल आणि आमचे हे टीव्ही पाहता पाहता कितव्या मिनिटाला घोरायला लागतात त्याबद्दल. जे दिसेल ते मोजायचं, जे मोजलं त्याला एक नाव द्यायचं, आणि नाव असं द्यायचं की आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला परक्याची वाटावी. सासूबाईंना गुडघा दुखतो का असं तिने कधी विचारलं नाही. "आई, एक ते पाचमध्ये सांगा," म्हणायची. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "एक ते पाच काहून? दिवसभर दुखते."

मी तिच्यावर जळले. पहिल्या आठवड्यापासून जळले, हे इथे लिहायला हरकत नाही. ती शहरातल्या रामदासपेठेत वाढलेली, मी खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या सामानातून पुस्तकांची खोकी निघाली, माझ्या वेळी पितळेची भांडी निघाली होती. पण त्यासाठी मी जळले नाही. पुस्तकं ज्याची त्याला. मी जळले सासूबाईंसाठी. ती आली तोवर मी अकरा वर्षं या घरात स्वयंपाक करत होते, आणि अकरा वर्षांत सासूबाईंनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. त्या जेवायच्या, ताट घासल्यासारखं स्वच्छ करायच्या आणि उठताना म्हणायच्या, "झालं वं जेवण." या तीन शब्दांत कुठे 'चांगलं' लपलंय का ते मी रोज शोधायची. आणि ही आली, आठव्या दिवशी तिने करपलेला उपमा सासूबाईंपुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, हे पहिलं निरीक्षण समजा. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो." सासूबाई खळखळून हसल्या. "पाह्य वं मोठे, कशी बोलते ते!" त्या मला म्हणाल्या. करपलेल्या उपम्याला हसू, आणि माझ्या अकरा वर्षांना झालं वं जेवण.

तिचा आवडता मंत्र होता 'बाकी सगळं तेच ठेवून'. देवापुढे हात जोडतानाही ती हेच म्हणत असावी असा मला संशय आहे. एकदा सकाळचा चहा बिघडला. मी दुसऱ्या दिवशी पातेलं बदललं, दूध दुसऱ्या डेअरीतून आणवलं, आलं जास्त घातलं. चहा झकास झाला. सगळे खूश, हीच एकटी कपाळावर आठ्या घालून बसली. "ताई, आता कसं कळणार कशानं बिघडला होता? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवून." मी म्हटलं, "पण चांगला झाला ना?" ती म्हणाली, "चांगला झाला, पण का झाला ते कळलं नाही." मग चार दिवस आम्ही सगळ्यांनी बेचव चहा प्यायला, रोज एकेक गोष्ट बदलून. पाचव्या दिवशी तिने जाहीर केलं की दोष चहापत्तीच्या डब्याच्या झाकणात आहे. ते ढिलं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण माझ्याकडे त्याला पुरावा नव्हता.

जळायचं आणखी एक कारण हे की, मला माहीत असलेल्या प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे नाव होतं. आमचे हे लकडगंजात एका आरा मशीनवर लाकूड कापायचं काम करतात. आयुष्यभर इंचपट्टी खिशात. दोघांचं असं जमलं की विचारू नका. ती त्यांना दादा म्हणायची आणि जेवताना त्यांच्यावर अभ्यास करायची. हे माझ्या भाजीला नेहमी 'ठीक आहे' म्हणतात. ती म्हणाली, "ताई, दादा तोंडानं काय म्हणतात ते धरायचंच नाही. माणूस काय बोलतो ते सोडून द्यायचं, काय करतो ते धरायचं. दादांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पसंती तिथे उघड झाली." हे लाजून खाली पाहू लागले. माझ्या नवऱ्याची पसंती मला लग्नानंतर बारा वर्षांनी जावेकडून कळली, तीही तिने तिच्या वहीत लिहून घेतल्यावर.

एकदा सासूबाईंचे भाऊ आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. पुरणपोळीचा बेत होता. हिच्या शास्त्रात म्हणे असं आहे, की पहिल्या पोळीइतकं सुख दुसरी देत नाही आणि दुसरीइतकं तिसरी देत नाही. तिने मामाजींच्या ताटाशेजारी वही घेऊन बैठक मारली आणि प्रत्येक पोळीनंतर दहापैकी गुण मागितले. पहिलीला मामाजींनी दहा दिले. दुसरीला दहा. तिसरीला दहा. चौथी संपवून, तुपाचं बोट चाटून ते म्हणाले, "हिले अकरा."

"मामाजी, दहापैकी अकरा देता येत नाहीत."

"काहून देता येत नाही? माह्या बहिणीच्या घरचं पुरण हाये. पुढचीले बारा देतो."

ही सासूबाईंकडे पाहू लागली. सासूबाई भावामागे तुपाची वाटी घेऊन उभ्याच होत्या. तिने वहीत लिहिलं, 'यजमान समोर असल्याने उत्तरांवर परिणाम', आणि मला म्हणाली, "चूक माझी आहे ताई. कुणाच्या हातचं आहे ते खाणाऱ्याला कळताच कामा नये." पोळ्या माझ्या हातच्या होत्या. मामाजींनी सगळे गुण बहिणीला दिले, आणि हिने तेही रद्द केले.

हे रद्द करणं लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवसांत बाजार सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्यांनी भरतो आणि आमच्याकडे दर रविवारी सांबारवडी होते. बेसनाची पातळ पोळी लाटायची, तिला आतून चिंचेचा मसाला माखायचा, सांबाराचं सारण भरून घडी घालायची आणि तळायची. समोरच्या घरच्या मावशी आल्या होत्या. एक वडी तोंडात घालून त्या म्हणाल्या, "मोठीच्या हाताले चव हाये बाप्पा!" मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही. पण माझ्या जावेने मान वर केली, आणि तिचे डोळे चमकले. "हाताला चव म्हणजे नेमकं काय? साहित्य तेच, तेल तेच, आच तीच ठेवली, तर हात किती उरतो? हे तपासता येईल."

माझ्याजवळ या घरात एवढी एकच गोष्ट होती, हाताची चव. आणि तिला ती तपासायची होती. मला नको म्हणायचं होतं. पण मला पटकन बोलता येत नाही, कधीच आलं नाही. मी "बरं" म्हटलं.

मग चार रविवार ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. छोटा वजनकाटा, घड्याळ, वही. मी मुठीने पीठ घेतलं की ती मूठ काट्यावर रिकामी करायला लावायची. तिखट चिमूटभर म्हटलं तर तिने मला कागदावर दहा वेळा चिमूट सोडायला लावली, दहाही तोलल्या आणि गंभीरपणे म्हणाली, "ताई, तुमची चिमूट स्थिर नाही." मला फार लागलं. आजवर कुणी माझ्या चिमटीला नाव ठेवलं नव्हतं. तिने सगळ्याचं मिळून एक लांबलचक सूत्र केलं. पिठाला एक अक्षर, सांबाराला एक, तेलाला एक, आचेला एक. सूत्राच्या शेवटी एक अक्षर आणखी होतं, त्याला मात्र तिने काही नाव दिलं नव्हतं. मी विचारलं नाही.

मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली होती. चिंचेच्या मसाल्यात मी भाजलेल्या जवसाची पूड टाकते. हे माझ्या आईचं. आईने मला लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी कुणालाही सांगितलं नाही, सासूबाईंनासुद्धा नाही. पूड चहाच्या डब्यामागे एका लहान डबीत असते. चिंच कोळायला घेतली की मी जावेला म्हणायची, "तेवढं तुळशीले पाणी घालून ये वं." ती गेली की मी डबी उघडायची. मनात म्हणायची, मोज आता काय मोजायचं ते.

पाचव्या रविवारी दुपारी प्रयोग झाला. दोघींनी वड्या केल्या. मी माझ्या अंदाजाने आणि तिने वहीत पाहून, काट्यावर तोलून. तिच्या वड्यांत जवस नव्हता. आमच्या यांनी नाणं उडवून ताटांना 'क' आणि 'ख' अशा चिठ्ठ्या लावल्या. कोणतं ताट कुणाचं, तो कागद यांच्या शर्टाच्या खिशात. आम्हा दोघींनाही माहीत नाही. गल्लीतले सात जण आणि आठव्या सासूबाई. एकेकाने एकट्याने आत यायचं, एक वडी 'क'ची खायची, पाणी प्यायचं, एक 'ख'ची खायची आणि फॉर्मवर खूण करायची. फॉर्मवर एकच प्रश्न: मोठ्या सूनबाईंची वडी कोणती? आम्ही दोघी दाराआड, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही अशी ताकीद. हे आरा मशीनवर मोठा ओंडका चढवताना जसे श्वास रोखून उभे राहतात तसे उभे होते.

सात जण येऊन गेले. यांनी खिशातला कागद काढून फॉर्म ताडले. चौघांनी मला ओळखलं, तिघांनी तिची वडी माझी समजली. समोरच्या मावशी त्या तिघांत होत्या. माझ्या जावेने माझे दोन्ही हात धरले, आनंदाने उडीच मारली. "ताई, नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच आलं असतं! फरक उरतच नाही. मॉडेल बसलं!" मी हात सोडवून घेतले. माझी चव गेली, ती गेलीच. तिच्यासोबत आईचा जवसही गेला. इतकी वर्षं जपलेली डबी, आणि कुणाच्या जिभेला तिचा पत्ता नव्हता.

शेवटी सासूबाई आल्या. त्यांनी 'क' खाल्ली, 'ख' खाल्ली, मग नियम मोडून पुन्हा 'क' घेतली. जावेने फॉर्म घेऊन पुढे होत विचारलं, "आई, मोठ्या ताईंची कोणती?"

"दोन्ही मोठीच्याच," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एकच सांगायची. क किंवा ख."

"काहून एकच? वळली असंन एकीनं अन् एकीनं, पण हात मोठीचाच हाये. तुले लागला तो तिच्यापासूनच लागला ना? एकोणीस वर्षं खाऊन राहिली मी, मले समजत नाही?" मग उठता उठता पदराला हात पुसत म्हणाल्या, "चांगल्या झाल्या."

मी दाराआड होते. एकोणीस वर्षांनी, माझ्या कानांनी, चांगल्या झाल्या.

आणि माझ्या जावेने फॉर्मकडे पाहिलं, पेनाचं टोक दोन्ही चौकोनांवर फिरवलं, मग सरळ रेघ मारून फॉर्म खोडला आणि वर लिहिलं, 'अवैध'.

मी घरात कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. "काहून खोडलं वं?"

ती दचकली. "ताई, तसा रकाना नाही ना. क किंवा ख."

"मंग काढ रकाना!"

"तसं नाही करता येत. उत्तरं आल्यावर प्रश्न बदलला तर मग त्याला काही अर्थ..." मग माझा चेहरा पाहून ती समजावू लागली. "अहो, बोललेलं काय धरायचं? आई इतकी वर्षं ताट साफ करून उठतात. तेच खरं उत्तर आहे. ते कुणी खोडू शकत नाही."

"ताटाचं मी काय करू?" मी म्हटलं. "मले ऐकायचं होतं."

बाहेर हे नाणं हातात धरून उभे. बैठकीतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही आई."

ती प्राध्यापक बाई, पण अडली की लहान पोरीसारखी दिसायची. मग ती तिथेच फरशीवर बसली, पट्टी घेतली, आणि आठही फॉर्मवर, एकेक करून, सरळ रेघेत तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, 'दोन्ही मोठीच्याच'. सासूबाईंच्या फॉर्मवरचं 'अवैध' खोडून तिसऱ्या रकान्यात खूण केली. "आमच्यात हे पाप आहे ताई," ती मान खाली घालून म्हणाली. "कुणाला सांगू नका."

मला लाज वाटली. मी म्हटलं, "मी पण तुले एक गोष्ट दाखवली नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चिंच कोळायला घेतली की तुम्ही मला तुळशीकडे पाठवता. चार रविवार एकाच वेळी. तुळस सडायला आली." तिने वही उघडून ते लांबलचक सूत्र दाखवलं आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे त्यासाठी आहे. जे आहे हे नक्की कळतं, पण आपल्याला दिसत नाही, त्याच्यासाठी आम्ही एक जागा सोडतो. न दिसलेला घटक म्हणतात. काय आहे ते मी विचारणार नाही."

आणि तिने कधी विचारलं नाही.

त्या रविवारी मी तिच्यावर जळायचं थांबले, असं लिहिलं तर खोटं होईल. चार महिन्यांनी दिरांची बदली झाली, दूर, जिथे सांबाराला कोथिंबीर म्हणतात अशा गावाला. तिनेही तिथलं कॉलेज धरलं. निघताना मी तिच्या पिशवीत जवसाची डबी घातली. काय आहे ते सांगितलं नाही, तिने झाकण उघडून वास घेतला आणि डबी लुगड्यांच्या मधोमध ठेवली. तिने मला तो वजनकाटा दिला आणि सासूबाईंचा फॉर्म दिला. तो आता चहाच्या डब्यामागे, डबीच्या जागी आहे. मी आता त्या गावच्या लोकांवर जळते. त्यांच्या चहाची ती चौकशी करत असेल, त्यांच्या गुडघ्यांना एक ते पाच विचारत असेल, आणि त्यांना वाटत असेल, काय विक्षिप्त बाई आहे.

गेल्या रविवारी यंदाच्या हिवाळ्यातली पहिली सांबारवडी केली. सासूबाई जेवल्या, "झालं वं जेवण" म्हणाल्या आणि उठल्या. ताटात अर्धी वडी तशीच होती. या घरात आल्यापासून मी त्यांच्या ताटात काही उरलेलं पाहिलं नव्हतं. मी आत जाऊन एक खाऊन पाहिली. काहीतरी कमी होतं. मग तिने शिकवलं तसं केलं. सांबार त्याच बाईकडचा, कढई तीच, आच तीच. काट्यावर माझी चिमूट तोलली, नवीन डबीतला जवस तोलला. या रविवारी सगळं तोलून पुन्हा केली. सासूबाईंच्या ताटात पुन्हा अर्धी राहिली. बाकी सगळं तेच आहे. बदललेली गोष्ट एकच निघते, आणि तिला शास्त्रात काय म्हणतात ते विचारायचं तर फोन तिलाच करावा लागेल.